विषय: जुलैत सॅन फ्रान्सिस्को, स्वेटर घ्यायचे की नाही???

प्रेषक: काकू, दादर

नमस्कार मंडळी,

लेकीने मला ह्या लिस्टवर घातलंय म्हणून विचारतेय, आधी कोणी विचारलं असेल तर रागावू नका, जुन्या मेल कशा शोधायच्या ते मला अजून जमत नाही.

आम्ही दोघं जुलैच्या पहिल्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोला निघतोय, लेकीचं बाळंतपण आहे, ऑक्टोबरअखेरपर्यंत राहणार. अमेरिकेची पहिलीच खेप. आणि बॅग भरायला काढल्यापासून बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस वेगळं सांगतोय. शेजारच्या म्हणतात जुलै म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा, सुती कपडे न्या आणि गप्प बसा. नणंद म्हणते अमेरिका म्हणजे थंडी, पण ती शिकागोला गेली होती आणि तेही डिसेंबरात, त्यामुळे तिचं किती ऐकायचं कळत नाही. आमच्याकडे मनालीला घेतलेले दोन जाडजूड कोट आहेत, काट्यावर टाकले तर एकेक अडीच किलो भरला! माणशी 23 किलोच्या दोन बॅगा आहेत पण त्यात डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, बाळाची दुपटी, झबली, कुंची सगळं मावायला हवं ना. ह्यांना तर जानेवारीत पंखा दोनवर ठेवला तरी शिंका सुरू होतात. मी साडीच नेसते, पंजाबी ड्रेस एखाददुसरा आहे. छत्र्या न्यायच्या का तेही सांगा.

प्रेषक: पार्ले

वहिनी, पहिलं काम म्हणजे ते मनालीचे कोट परत माळ्यावर टाका. पाच किलो वाचले.

मी सॅन फ्रान्सिस्कोत अकरा वर्षं काढली, आता परत येऊन सहा वर्षं झाली, पण कपाटात तिकडचे कपडे अजून आहेत म्हणजे बोलायचा अधिकार आहे असं समजतो. नणंदबाई म्हणतात ती थंडी ह्या शहरात नाहीच. आपल्या मुंबईत आजवरची सगळ्यात कडक थंडी नोंदली गेली ती 22 जानेवारी 1962 ला, सांताक्रुझला 7.4 अंश. तिकडे जानेवारीतली नेहमीची पहाट साधारण तेवढीच असते, त्याच्या फार खाली जात नाही. बर्फ तर माझ्या अकरा वर्षांत एकदाही पाहिला नाही.

पण शेजारच्यांचंही ऐकू नका. जुलै-ऑगस्टात शहरात दुपारचं तापमान 19-20, पहाटे 12-13, आणि हे आकडे वाचून आपण म्हणतो वा, महाबळेश्वर! तिथेच फसतो. महाबळेश्वरला वारा असा दिवसभर तोंडावर येत नाही. चार वाजले की पश्चिमेकडून जे सुरू होतं त्यात हे 19 अंश 11-12 सारखे लागतात. मी जिथे राहायचो त्या भागाचं नाव सनसेट, आणि उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळताना दिसायचा नाही, कारण तो त्याच्या आधीच धुक्यात गेलेला असायचा. पहिल्या जुलैत बायकोने हौसेने गच्चीत दोरी बांधली आणि कपडे वाळत घातले. तीन दिवस! चौथ्या दिवशी माझ्या बनियनला आपल्या पावसाळ्यात येतो तो कुबट वास यायला लागला आणि पावसाचा एक थेंब पडलेला नाही. लोकांनी त्या धुक्याला नाव ठेवलंय, कार्ल, आणि घरातल्या आगाऊ भाच्याबद्दल बोलावं तसं बोलतात त्याच्याबद्दल, कार्ल आला, कार्ल आज मुक्कामाला आहे वगैरे.

हे होतं कशामुळे ते कळलं की बॅग आपोआप भरता येते म्हणून थोडं सांगतो. आपला अरबी समुद्र म्हणजे कोमट पाणी, तिकडचा पॅसिफिक म्हणजे माठातलं. उन्हाळ्यात किनाऱ्याला धरून उत्तरेकडून वारा वाहतो, तो वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं गारेगार पाणी वर येतं. त्याच्यावरून दमट हवा आली की धुकं. इकडे किनाऱ्यापासून आत जे मोठं खोरं आहे, सॅक्रामेंटोकडचं, ते 38-40 ला तापतं, तिथली हवा वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा धावते, आणि डोंगररांगेत तिला मोठी फट एकच, गोल्डन गेटची खिंड. म्हणजे आत जितकं तापणार तितका शहरात वारा. आपल्याकडे मार्चमध्ये खारा वारा उशिरा वळला की पारा 38-39 ला जातो ना, तीच यंत्रणा, फक्त आपल्याकडे तो वारा सुटका वाटतो आणि तिकडे दात वाजतात.

म्हणून जाड एक कपडा नको, पातळ तीन हवेत. आत सुती, त्यावर हाफ स्वेटर किंवा पातळ फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. हा वरचा थर महत्त्वाचा. लोकरीचा कितीही भारी स्वेटर असू दे, वारा त्याच्या टाक्यांमधून आरपार जातो. साधं पातळ पावसाळी जाकीट असतं ना, घडी करून पिशवीत मावणारं, ते चालतं, बाईकवाले घालतात तसला रेक्झिनचा सूट नव्हे.

छत्र्या अजिबात नको. वर्षभराचा पाऊस साधारण 580 मिलिमीटर, आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला एका दिवसात 944 पडला होता. आणि तिकडचा पाऊस तोही नोव्हेंबर ते मार्च, तोपर्यंत तुम्ही दादरला परत.

प्रेषक: मुलुंड

अहो पार्लेकर, कशाला घाबरवताय त्यांना!!

ताई, मी मागच्या ऑगस्टात मुलाकडे अडीच महिने राहून आले, तोही सॅन फ्रान्सिस्कोच म्हणतो. मी ह्यांच्यासारख्याच कोणाचं तरी ऐकून चार स्वेटर, दोन शाली, लोकरी मोजे सगळं घेऊन गेले आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी 36! अंगावर काही ठेववत नव्हतं. घाम येत नाही हे मात्र खरं, कोरडं ऊन, पण ओठ फुटतात, टाचा फुटतात, पापड एका दुपारात कडकडीत. चारपैकी एक स्वेटर घडीसुद्धा न मोडता परत आला. तुम्ही सुती साड्या न्या, गाऊन न्या, आणि व्हॅसलिनची डबी विसरू नका.

थंडी वाजली ती फक्त एकदा, गोल्डन गेट ब्रिज बघायला गेलो तेव्हा. मी साडीत होते. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पदर, आणि सून म्हणते आई हात वर करा ना फोटोला. तिसरा हात कुठून आणू! पदराला दोन पिना होत्या, एक पिन तिथेच कुठेतरी समुद्राला वाहिली. सगळ्या फोटोंत माझं तोंड पदराखाली आहे, ब्रिज छान आलाय.

प्रेषक: पार्ले

मुलुंडकर ताई, मुलगा राहतो कुठे नक्की? गावाचं नाव सांगा.

प्रेषक: मुलुंड

लिव्हरमोर.

प्रेषक: पार्ले

तरीच! आपल्याकडे बदलापूरला राहणारा माणूस गावी गेला की मुंबईला असतो म्हणतो, त्यातलं आहे हे. लिव्हरमोर डोंगराच्या पलीकडे, पार आत. तुम्ही सांगताय तेही खरं आणि मी सांगतोय तेही खरं, एकाच दिवशी एकाच वेळी. वहिनी, लेक खरंच शहरात राहते का तेवढं आधी विचारा, मग बॅगेला हात लावा.

प्रेषक: काकू, दादर

विचारलं. प्लेझंटन म्हणाली. मी म्हटलं अगं मग सॅन फ्रान्सिस्को काय सांगत होतीस दोन वर्षं, तर म्हणे आई प्लेझंटन सांगितलं असतं तर तू बिल्डिंगमध्ये काय सांगितलं असतंस. आता गंमत अशी की तिचं ऑफिस मात्र शहरात आहे आणि आम्हाला आठवड्यातून एकदा तरी तिकडे फिरायला पाठवणार म्हणतेय, जावई म्हणतो ट्रेन थेट जाते. म्हणजे आता दोन्ही हवामानांचे कपडे न्यायचे का??

प्रेषक: पार्ले

हो, पण दुप्पट न्यायचे नाहीत.

प्लेझंटन म्हणजे मुलुंडकर ताईंच्या लिव्हरमोरला लागूनच, त्यामुळे घरचे कपडे त्या म्हणतात तसे. ऑगस्टात दुपारी 30-32, मध्येच दोनचार दिवस 38 च्या पुढे. एक गोष्ट ताईंनी सांगितली नाही, रात्री तिथेही 14-15 पर्यंत उतरतं. आपल्याला ह्याची सवय नसते, मुंबईत जुलैत दिवसरात्र सारखीच चिकचिक, तिकडे संध्याकाळी अंगणात गप्पा मारत बसलात की आठ वाजता एकदम लक्षात येतं की दंडावर काटा आलाय. भाऊंना पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट आणि एक हाफ स्वेटर, झालं. तोच स्वेटर विमानात आणि मॉलमधल्या एसीत लागेल.

आता शहरात जायचा दिवस. बार्ट म्हणून जी तिकडची लोकल आहे ती प्लेझंटनहून थेट शहरात जाते, तासाच्या आत, शेवटी खाडीखालच्या बोगद्यातून. तुम्ही कर्जतला घामाने भिजून गाडीत बसायचं आणि खंडाळ्याला धुक्यात उतरायचं, तसं समजा, फक्त तिकडे चढण नाही त्यामुळे गाडीत काही कळत नाही, कळतं ते जिन्यावरून वर रस्त्यावर आल्यावर. घरून निघताना 31 अंशात हातात जाकीट धरायचं म्हणजे वेड्यासारखं वाटतं आणि भाऊ म्हणणार राहू दे गं. राहू देऊ नका. एक कापडी पिशवी शहराची म्हणून वेगळीच करा, त्यात दोघांची जाकिटं, तुमची शाल, भाऊंची टोपी, आणि ती दाराशी चपलांच्या वर टांगून ठेवा, चप्पल घालताना डोक्याला लागली पाहिजे.

गल्लीगणिक बदलतं हेही लक्षात असू द्या. मिशन भागात लोक बागेत उन्हात लोळत असतात, तिथून बसने समुद्राकडे गेलात की अर्ध्या तासात कानटोपी. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे शहराचे सगळ्यात उबदार महिने, आपल्या ऑक्टोबर हीटचं तिकडचं भावंड म्हणा, तेव्हा ब्रिजवर जायचं असेल तर घाई न करता तेव्हा जा. बाळ-बाळंतिणीलाही बाहेर पडायला तोच काळ बरा. कुंची अवश्य न्या, वाऱ्यात कान झाकायला त्याच्याइतकं सोयीचं काही त्या अमेरिकन दुकानांत मला मिळालं नाही.

साडीचं मुलुंडकर ताईंनी सांगितलंच. शहराच्या दिवशी पंजाबी ड्रेस घाला, साडीच हवी असेल तर आत परकराखाली पातळ थर्मलची लेगिंग, आणि जाकीट पदराच्या वरून चेन लावून. दिसायला कसंतरी दिसतं, पण तिकडे कोणी कोणाकडे बघत नाही. पायात बूट हवेत, तळ घसरता नको, काही रस्ते इतके उभे आहेत की फुटपाथला पायऱ्या करून ठेवल्यात.

खाण्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो. मेतकूट, भाजणी, टाल्कम पावडर हातातल्या बॅगेत भरू नका, अमेरिकेच्या विमानात 350 मिलिलिटरच्या वर पावडर असली की वेगळी तपासणी, आणि मेतकूट म्हणजे काय हे त्या माणसाला सिक्युरिटीच्या रांगेत समजावणं माझ्या आईने एकदा केलंय, तुम्ही करू नका. मोठ्या बॅगेत टाका. कढीपत्ता नेऊ नका, ताजा नाही आणि घरी वाळवलेलाही नाही. खाऊ आहे का विचारलं की हो म्हणून सरळ सांगा.

प्रेषक: मुलुंड

आणि ड्रायर! ताई, धुतलेले कपडे तिकडे सरसकट ड्रायरमध्ये टाकतात. माझ्या सासूबाईंनी विणलेला ह्यांचा स्वेटर सुनेने चांगल्या मनाने टाकला आणि तो बाहेर आला तो नातवाच्या मापाचा. नातू सव्वा वर्षाचा आहे. सुती साड्या, दुपटी सगळं बाहेर स्टँडवर घाला, प्लेझंटनच्या उन्हात तासाभरात वाळतं, तुम्ही काही पार्लेकरांच्या धुक्यात राहत नाही!

प्रेषक: काकू, दादर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं परत उपसलं आणि परत भरलं. मनालीचे कोट माळ्यावर गेले, हे दहा मिनिटं जिन्याखाली उभे राहून एक तरी घे म्हणत होते, शेवटी माकडटोपीवर तोडगा निघाला. ती आता पासपोर्टच्या पाकिटात आहे म्हणे, म्हणजे विसरायला नको. साध्या साड्या आठ, सिल्कची बारशाला एक, पंजाबी ड्रेस चार, दोघांना पातळ जाकिटं डिकॅथलॉनमधून आणली, घडी करून चक्क लाडवाच्या डब्याएवढी होतात. भाजणी-मेतकूट खाली गेलं. एक बॅग 22.4 भरली, दुसरी 22.8, बाकीच्या दोन अजून मोकळ्या आहेत म्हणजे लेकीची यादी वाढणार.

कोणी दादर-माहीमकडचं असेल तर एवढंच सांगा, अंगठ्याचे मोजे आत्ता कुठे मिळतील? स्टेशनजवळच्या तीन दुकानांत विचारून आले. तिघांनीही छत्री दाखवली आणि मोज्यांसाठी डिसेंबरात या म्हणाले.