सातपुड्यात रानपिंगळा दिसला असं वाटतंय, खात्री कशी करू?

सागपान:
मंडळी, परवा सकाळी मेळघाटात होतो (नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाहीये). उन्हं नुकतीच सागाच्या शेंड्यांवर आली होती आणि एका वाळक्या फांदीवर, अगदी उघड्यावर, एक छोटं घुबड पाठ शेकत बसलेलं. आधी वाटलं आपला नेहमीचा पिंगळाच असणार, पुढे निघालोच होतो तेवढ्यात त्याने मान वळवली आणि डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठिपकेच नाहीत!! छातीत असलं धडधडायला लागलं की बायनॉक्युलर स्थिर धरता येईना, मित्राला हाक मारायची तर आवाज फुटेना, नुसता त्याचा शर्ट ओढतोय. पक्षी मात्र निवांत, मधूनच शेपूट डावीउजवीकडे झटकायचा. मग खाली झेप घेऊन गवतातलं काहीतरी उचललं आणि गेला. फोटो आहेत पण उजेड समोरून होता त्यामुळे सगळं काळपट आलंय. नुसत्या डोक्यावरून रानपिंगळा म्हणता येईल का? आणि असं पार येड्यासारखं फक्त मलाच होतं की तुम्हालापण?

जुनाखोड:
सगळ्यांनाच होतं, आणि नेमकं तेव्हाच डोळे आपल्याला हवं ते दाखवतात, म्हणून जरा दमानं. समोरून उजेड असला की साध्या पिंगळ्याचे ठिपके पण गायब होतात. डोकं सोड, छाती आणि पोट आठव. रानपिंगळ्याची छाती जवळपास सलग करडी-तपकिरी असते आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, साध्याला पोटावर तपकिरी खुणा असतात. पाय जाडजूड, पायमोजे घातल्यासारखे पांढऱ्या पिसांनी भरलेले, चोच आणि डोकं पण अंगाच्या मानाने मोठं वाटतं. पंखांवर नि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. शेपूट झटकणं आणि भर उजेडात शिकार या दोन गोष्टी तुझ्या बाजूने आहेत, पण दिवसा साधा पिंगळापण दिसतोच की.

तापीकाठ:
धडधडणारच हो, पक्षीच तसा आहे. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर खरा नमुना (म्हणजे म्युझियमसाठी मारून जपलेला पक्षी) कोणाला मिळालाच नाही, जगभरच्या म्युझियममध्ये मिळून सात कातडी, बास. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १९१४ चा एक नमुना होता, लेबलवर गुजरातमधलं ठिकाण. नंतर अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी शोधून काढलं की तो जुनाच नमुना म्युझियममधून चोरून वर खोटं लेबल लावलेलं! म्हणजे त्या लेबलवर भरवसा ठेवून जे शोधायला गेले ते भलतीकडेच. मग जुन्या खऱ्या नोंदींवरून त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शोधत शोधत नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोचले आणि तिथे हा पठ्ठ्या सकाळी उघड्या झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी! त्या क्षणी त्यांचं काय झालं असेल याचा विचार करूनच मला काटा येतो.

किर्रर्र:
आता मेळघाट, यावल, तोरणमाळ, मध्य प्रदेशात खकनार, २०१४ ला तर तानसातही दिसला, त्यामुळे नामशेष वगैरे राहिला नाही. २०१८ पासून IUCN च्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'वर आलाय, पण म्हणून पक्षी वाढले असं समजू नका, नवीन जागा सापडल्या एवढंच. साग तुटतोय, शेतं वर सरकतायत, आणि घरट्याला ढोली असलेली जुनी झाडं किती उरलीत ते फिरणाऱ्याला दिसतंच.

सागपान:
@जुनाखोड दादा, फोटो उजळून बघितला, एकात पोट दिसतंय आणि खाली पांढरंच आहे, खुणा नाहीत! पायही जाड वाटतायत. पुढच्या आठवड्यात परत जाऊन मोबाईलवर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग (कॉल) वाजवलं तर येईल का जवळ? एकच चांगला फोटो पाहिजे.

जुनाखोड:
पांढरं असेल तर अभिनंदन, रानपिंगळाच दिसतोय, तरी तो फोटो इथे टाक. कॉलचं मात्र डोक्यातून काढून टाक. घरट्याचा हंगाम चालू असतो, दुसरा नर आलाय समजून तो भांडायला येणार आणि तेवढा वेळ पिल्लांचं खाणं बंद. फोटो तुला मिळेल, किंमत तो मोजेल.

किर्रर्र:
+१. आणि फोटो टाकायच्या आधी त्यातलं लोकेशन काढ. नोंद कर, पण सोबत वनरक्षकालाही सांग, त्यांना बरेचदा झाड न् झाड माहीत असतं.

तापीकाठ:
परत जाणार असशील तर कॉल न वाजवता तिथेच लांब बसून रहा. सकाळचं ऊन खायला त्याच त्या फांदीवर येतात बरेचदा. मी येऊ का सोबत? 😀