काम करून आणल्यापासून ऑइल गळतंय: तुमचं शेवटी कुठे सापडलं?

कसाराघाट
गाडी पेट्रोल, नऊ वर्षांची, ८६ हजार किलोमीटर. मार्चमध्ये सकाळी स्टार्ट करताना टायमिंग चेन खडखडायला लागली म्हणून काम काढलं. चेन, टेन्शनर, गाइड सगळं नवं, बिल साडेसतरा हजार. त्याआधी गाडीने कधी एक थेंब टाकला नव्हता. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी वॉचमनदादांनी खाली बोलावून पेव्हर ब्लॉकवरचा डाग दाखवला, पाच रुपयांच्या नाण्याएवढा.

गॅरेजवाल्याने पहिल्या फेरीत चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं, पॅकिंग बदललं. दुसऱ्या फेरीत "क्रँकचं पुढचं सील असणार ताई" म्हणून ते बदललं. तिसऱ्या फेरीत म्हणाला, "जुन्या गाडीला एवढं चालतंच." मग मार्चपर्यंत काय नवी होती का?

दर आठवड्याला नाशिक-ठाणे करते. दोन खेपांत डिपस्टिकवर ऑइल अर्ध्यावर येतं. रोज रात्री गाडीखाली कालचा पेपर पसरते आणि सकाळी डाग मोजते. सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप दोनदा येऊन गेलाय.

दुरुस्तीनंतर सुरू झालेली गळती तुमच्याकडे कुठून निघाली, किती फेऱ्या झाल्या, ते लिहा. "गाडी विकून टाक" हा सल्ला सासरेबुवांनी देऊन झालेला आहे.

डबलरिंग
माझं प्रकरण बारा किलोमीटरांत संपलं. सर्व्हिसिंग करून निघालो, खंबाटकीच्या अलीकडे किटलीचा लाल दिवा (ऑइल प्रेशरचा) लागला. नशीब, लगेच बंद केली. खाली वाकून बघतो तर मागे रस्त्यावर काळी रेघच. जुना ऑइल फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि पोराने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला. दोन रिंगा एकमेकींवर बसत नाहीत, प्रेशर आलं की एक सटकते. तेव्हापासून फिल्टर बदलताना जुन्याची रिंग मी मागून घेतो, हातात घेऊन बघतो. लोक हसतात, हसोत.

पाना_सतरा
मोटारसायकल, १०० सीसी. यात ऑइलच जेमतेम लिटरभर, त्यामुळे थेंब थेंब गेलं तरी महिन्यात इंजिन कोरडं पडायची भीती. ऑइल बदलून आणल्यापासून खालच्या नटातून पाझर. पहिल्याने वॉशर बदलला, दुसऱ्याने नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळली, तिसऱ्याने बाहेरून एम-सील थापलं. मग पुढच्या वेळी ऑइल काढताना ते एम-सील छिन्नीने फोडावं लागलं, तो सोहळा वेगळाच.

मुळात आटे गेले होते. केसिंग ॲल्युमिनियमचं, नट लोखंडी, आणि पोराने पान्याला पाइप घालून आवळलेला. शेवटी लेथवाल्याकडे हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घेतली. पाऊण तासाचं काम. आता नट मी स्वतः हाताने चढवतो आणि मगच पाना लावतो.

उद्यमनगर
मी स्वतः मिस्त्री आहे. कोल्हापुरात वीस वर्षं हात काळे केलेत, तेव्हा आमच्याच लोकांच्या खोडी सांगतो.

जुनं पॅकिंग निघत नसलं की आम्ही करवतीचं पातं घेऊन खरवडतो. बिडाचं इंजिन होतं तोवर खपून जायचं. ॲल्युमिनियम मऊ. नखाला लागेल एवढा ओरखडा पडला तरी ऑइल त्यातनं वाट काढतंय. दुसरं म्हणजे सिलिकॉन. गिऱ्हाईक दारात उभं असतं, म्हणून ट्यूब पिळली, आवळलं, अर्ध्या तासात ऑइल भरून स्टार्टर मारला. पूर्ण पक्कं व्हायला त्याला साधारण चोवीस तास लागतात. आणि "जरा जास्तच लाव" म्हणून थापलेलं आतल्या बाजूला शेवया होऊन तुटतं आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. बाहेरची गळती बंद, आतला पुरवठा बंद.

तिसरं, आवळणं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, बारक्या बोल्टाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बास होतो. आमचा पोऱ्या दात-ओठ खाऊन आवळतो. पत्र्याच्या चेंबरची कड मग भोकांपाशी वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. नवं पॅकिंग घालून काय उपयोग, आधी कड ठोकून सपाट करायला पाहिजे.

कसाराघाट ताई, चेन बदलताना टॅपेट कव्हर उघडलंच असणार. चेनवरचं टायमिंग कव्हर आणि इंजिनाचं हेड जिथं जुळतात त्या दोन कोपऱ्यांत बऱ्याच गाड्यांना सिलिकॉनचा ठिपका द्यावा लागतो. रबरी पॅकिंग एकटं तिथं पुरत नाही. तो ठिपका विसरला असेल. थेंब पडतो तिथं बघू नका, सगळ्यात वर कुठं ओलं आहे ते बघा. चालत्या गाडीत वारं ऑइलला मागं आणि खाली नेतं, थेंब भलतीकडंच पडतो. इंजिन ब्रशनं पुसून पूर्ण कोरडं करा, अंगाला लावायची पावडर फुंकरून बसवा आणि पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा. बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब ठेवा.

लालतेल
कागदावरच्या डागाचा रंगही बघा. माझ्या गाडीचं चेंबर पॅकिंग दोनदा बदललं गेलं, दोन्ही वेळा पैसे माझे. डाग लालसर होता हे माझ्या बायकोने ओळखलं, साडीला लागला म्हणून. पॉवर स्टिअरिंगचं तेल होतं. क्लचच्या कामात त्याचा पाइप हलला होता. डिपस्टिकवर पातळी कधी उतरलीच नव्हती, पण ती बघायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

वाफसा
आमचा ट्रॅक्टर. इंजिनाचं काम करून आणला आणि पाऊस लांबला म्हणून महिनाभर शेडात उभा. रोटर लावला त्या दिवशी क्लचच्या घरातून ऑइल. मागचं क्रँक सील! ते बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध फोडायचा, पुढचं धूड एकीकडे, मागचं एकीकडे. फोडला, सील घातलं, जोडला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फोडला. मिस्त्री म्हणे सील डुप्लिकेट, दुकानदार म्हणे मिस्त्री डुप्लिकेट. तोवर शेजाऱ्यांनी भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणी उरकली.

तिसऱ्यांदा फोडायच्या आधी माझ्या चुलत्यांनी ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर उघडलं, तर भसकन धूर आणि तुषार तोंडावर. "अरे, याला श्वासच घेता येईना," म्हणाले. ब्रीदरच्या नळीत तार घातली तर आतून वाळलेली माती पडली. कुंभारमाशीने घर केलं होतं, आत हिरव्या अळ्यासुद्धा भरून ठेवलेल्या. इंजिनातल्या दाबाला बाहेर पडायला जागा नाही, मग तो सीलच्या ओठातून ऑइल ढकलत होता. नळी साफ केली, गळती थांबली. आता ट्रॅक्टर उभा करताना नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधतो. फडकं बांधू नका, सोडायचं विसरलं की तीच गत.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत गळती जास्त असेल तर गाडी नापास होते, त्यामुळे विषय टाळता येत नाही. आमच्या गॅरेजने ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकला, दोन दिवस चालवायला सांगितली आणि मग अंधारात निळसर दिवा मारला. हिरवट-पिवळी रेघ थेट फिल्टरच्या बैठकीपर्यंत गेली. मी तोवर हेड गॅस्केटच्या खर्चाची मनाची तयारी करून बसलो होतो.

झटपट
बाजारात गळती थांबवणारी बाटली मिळते, ती ऑइलमध्ये ओता. माझं थांबलं.

उद्यमनगर
तुमचं रबरी सील वाळलं असणार. बाटलीतलं औषध रबर फुगवतं. कोपऱ्यात सिलिकॉनच नाही तिथं ते काय फुगवणार?

कसाराघाट
रविवारी केलं. पंखा-बेल्टाच्या सूचनेबद्दल आभार, कारण सासरेबुवा टॉर्च धरायला आले आणि पहिल्यांदा हात तिथेच नेत होते. इंजिन पांढरंफटक करून द्वारका चौकापर्यंत जाऊन आले. बॉनेट उघडलं तर पावडरीत एकच तपकिरी रेघ: टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून निघून अल्टरनेटरच्या मागून खाली, चेंबरच्या कडेने सरकत सरकत शेवटच्या बोल्टाच्या टोकाशी. थेंब तिथे. म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं गेलं होतं.

फोटो दाखवल्यावर गॅरेजवाला थोडा वेळ गप्प राहिला, मग "उघडून बघू" म्हणाला. कोपऱ्यात सिलिकॉन नव्हतंच. शिवाय टॅपेट कव्हरचं पॅकिंग जुनंच परत बसवलेलं, प्लास्टिकच्या चमच्यासारखं कडक झालेलं. बिल पुन्हा वाचलं, त्यात ते लिहिलेलंही नव्हतं. मीच तेव्हा नीट बघितलं नाही. नवं पॅकिंग ६४० रुपये. मजुरी त्याने मागितली नाही, मीही विचारलं नाही. गाडी रात्रभर त्याच्याकडेच ठेवली, सिलिकॉन पक्कं व्हायला.

आज सहावा दिवस, मध्ये एक घाट झाला. पेपर अजून टाकते. सासरेबुवा सकाळी माझ्याआधी खाली जाऊन तो उचलून आणतात आणि काल त्यांनी त्याच पेपरातलं शब्दकोडं सोडवलं.