लोरेटा यंग 'निर्मळ' जगली म्हणे! मग ज्युडीचं काय?

रीळवाला:
काल इथे कुणीतरी लिहिलं की जुन्या हॉलिवूडचे कॅथलिक नट-नट्या श्रद्धेमुळे निर्मळ जगले. उदाहरण नटी लोरेटा यंगचं! सेटवर शिवी दिली की तिच्या डब्यात दंड टाकावा लागे, कबूल. पण 1935 मध्ये विवाहित नट क्लार्क गेबलपासून तिला मुलगी झाली, ज्युडी. ती लपवली, अनाथालयात ठेवली, नि मग 'दत्तक' म्हणून घरी आणली. ज्युडीचे कान बापासारखे बाहेर आलेले. ते टोप्यांखाली झाकले, आणि सातव्या वर्षी शस्त्रक्रिया करून मागे बसवले. पोरीचे कान कापून राखलेली अब्रू ती!

वसईकर:
खापर श्रद्धेवरच का? स्टुडिओवाले असली प्रकरणं गर्भपात करवून गुपचूप 'मिटवत'. तिने मूल जन्माला घातलं ते श्रद्धेपायीच. आणि कॅथलिक नटी आयरीन डनचं नाव का नाही घेत? एकच नवरा, 1965 मध्ये तो जाईपर्यंत. नटी डोलोरेस हार्ट गायक एल्व्हिसबरोबर दोन सिनेमे करून 1963 मध्ये मठात गेली, नन झाली. माझी आजी रोज दिवेलागणीला जपमाळ करायची, एक दिवस चुकला नाही. तीही ढोंगीच का?

कात्री नको:
मूळ दुखणं सेन्सॉर! सिनेमात काय दाखवायचं नाही ते ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता लिहिण्यात जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर डॅनियल लॉर्ड, 1934 पासून राबवणारा जोसेफ ब्रीन, तोही कॅथलिक. आपल्याकडे तरी काय वेगळं चाललंय? चुंबन कापायचं, मारामारी ठेवायची.

रीळवाला:
सेन्सॉरसाठी वेगळा धागा काढा. वसईकर, तुमच्या आजीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. स्पेन्सर ट्रेसीचं बोला, तोही कॅथलिक नट. बायकोपासून घटस्फोट घेतला नाही, नटी कॅथरिन हेपबर्नची साथ मात्र 1967 मध्ये मरेपर्यंत.

वसईकर:
आणि त्याच्या बायकोने, लुईझने, बहिऱ्या मुलासाठी धडपड करता करता 1942 मध्ये अशा मुलांसाठी क्लिनिक उभं केलं. ते कुणाला दिसत नाही.

मावशीची लेक:
ट्रेसी राहू दे बाजूला. माझी आई स्वतःच्या आईला एकतीस वर्षं 'मावशी' म्हणत होती. घराण्याची अब्रू! कळलं तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली. आईने तिचे पाय चेपले, पण 'आई' हा शब्द काही तोंडातून फुटला नाही. ज्युडीलाही तिच्या होणाऱ्या नवऱ्याने सांगितलं, तू गेबलची मुलगी. सगळ्या गावाला ठाऊक, तिलाच नाही! लोरेटाने कबूल केलं थेट 1966 मध्ये. वसईकर, जन्म दिला म्हणून उपकार मोजू नका.

वसईकर:
ताई, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. 'श्रद्धेपायी' हा शब्द मी फार सहज वापरला. पण एक सांगतोच. लोरेटाच्या सुनेने 2015 मध्ये जाहीर केलं, गेबलने जबरदस्ती केली असं सासूने म्हातारपणी तिला सांगितलं होतं. इथे सगळे तिचीच झडती घेताहेत. गेबलला जाब कुणी विचारला?

रीळवाला:
ते मला ठाऊक असूनही लिहिलं नाही, ही चूक माझी. 'राखलेली अब्रू' हे शब्द मागे घेतो. कानांचं मात्र नाही.

मावशीची लेक:
कानांचं घेऊही नका.