मदत हवी आहे: पणजोबांच्या लष्करी कागदांतला कुठला तपशील खरा धरू?

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धात लढलेल्या पणजोबांचे कागद हाती लागलेत आणि डोकं चक्रावलंय. भरतीचा फॉर्म जानेवारी 1916 चा. त्यावर वय 19. मार्च 1920 च्या डिस्चार्जच्या कागदावर वय 21! चार वर्षांत माणूस दोनच वर्षांनी मोठा झाला.

मला डिस्चार्जचं वय खरं वाटतंय. कारण उंची. भरतीच्या वेळी 5 फूट 4 इंच, सुटताना 5 फूट साडेसहा. एकोणिसाव्या वर्षानंतर एवढी वाढ जरा जास्तच. भरतीसाठी पोरं वय वाढवून सांगायची, हे तर जगजाहीर आहे. दोन्ही कागदांवर डाव्या भुवईवरच्या व्रणाची नोंद आहे, त्यामुळे माणूस एकच, याबद्दल शंका नाही. (वडिलांचं नाव मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलंय. कारकुनाने ऐकलं तसं उतरवलं असणार.)

खरी अडचण पुढे आहे. पेन्शनच्या अर्जात 1917 मध्ये पायाला गोळी लागल्याचं म्हटलंय, तर त्याच महिन्याच्या हॉस्पिटलच्या रजिस्टरात नुसता ‘ताप’. रजिस्टर त्या वेळचं, अर्ज कितीतरी वर्षांनंतरचा, शिवाय पैशांसाठी केलेला. तरी पणजोबा लंगडायचे, असं आजी सांगायची.

मेडलच्या यादीत सैनिक क्रमांकही वेगळाच आहे. बदलीनंतर नवा क्रमांक मिळायचा, हे माहीत आहे, पण हा तोच प्रकार की नामसाधर्म्य, हे कशावरून ठरवायचं? आणि वंशावळीत जखमेबद्दल तुम्ही काय लिहिलं असतं?