आईला कूस बदलली की गरगरतं, मानेचं असेल की कानाचं?

डहाणूकर_कॉर्नर
मंडळी, आईचं वय ६४, कोथरूडला राहतो. गेले तीन आठवडे पहाटे उजव्या कुशीवर वळली की अख्खी खोली फिरते म्हणते, पलंगाची कड धरून बसते, मळमळतं, एकदा उलटी पण झाली. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. जवळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, मणके झिजलेत म्हणाले, पट्टा दिला आणि चक्करची गोळी दिवसातून तीनदा. त्या गोळीने ती दिवसभर पेंगते पण पहाटेचं गरगरणं आहे तिथेच. शेजारच्या काकू म्हणतात पित्त आहे, मेव्हणा म्हणतो सरळ एमआरआय करून टाक. न्यूरोकडे जाऊ की कान-नाक-घसावाल्याकडे?

पर्वती_रोज
आधी घड्याळ लावून बघा किती वेळ टिकतं. सासऱ्यांना मेनिएर (आतल्या कानाचा एक आजार) आहे, त्यांची चक्कर दोन-तीन तास चालते, सोबत एक कान गच्च होतो, शिट्टी वाजते, त्या कानाने ऐकू कमी येतं. तुमच्या आईंना असलं काही?

डहाणूकर_कॉर्नर
नाही हो, फार तर अर्धा मिनिट. आणि ऐकू येण्याचं म्हणाल तर आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजलेलं हॉलमध्ये ऐकते.

तोल_सांभाळून
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते बीपीपीव्हीचं, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणाऱ्या कानाच्या चक्करचं, अगदी पुस्तकातलं वर्णन आहे. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलल्यावर तिथलं पाणी उगाच ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. एक्सरेचं म्हणाल तर चौसष्टाव्या वर्षी मणके झिजलेले दिसणारच, माझ्या आईचे पण दिसतील, त्यावरून चक्कर मानेची असं होत नाही.

ईएनटीकडे जा आणि 'डिक्स-हॉलपाइक करणार का' एवढं विचारा. मान ४५ अंश वळवून झटकन आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकवतात आणि डोळ्यांकडे बघतात. काही सेकंदांनी बुबुळं ठरावीक दिशेने उडायला लागली की कुठला कान ते कळतं. १९५२ पासूनची टेस्ट आहे, मशीन लागत नाही, पाच मिनिटं पुरतात, तरी निम्म्या पेशंटची फाइल माझ्यापर्यंत एमआरआय घेऊनच येते, असो. चक्करच्या गोळीने बुबुळांची हालचाल दबू शकते, म्हणून टेस्टच्या आधी कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि प्लीज यूट्यूब बघून घरी एप्ली (डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण नळीतून बाहेर काढायचा उपचार) करू नका, कान चुकला तर उपयोग शून्य आणि उलट्या फुकट.

शनिवारातला
सगळ्यांची चक्कर कानाचीच नसते हां. काकांना अचानक सुरू झाली आणि थांबेचना, उभं केलं की एका बाजूला कोसळायचे, आम्ही आपले पित्त पित्त करत लिंबूपाणी पाजत बसलो चार तास. छोट्या मेंदूचा स्ट्रोक निघाला. बोलणं जड, एकाचे दोन दिसणं, चालता न येणं, कधी नव्हे असं डोकं ठणकणं, यातलं काही असेल तर ईएनटी नको न् न्यूरो ओपीडी नको, थेट इमर्जन्सी.

पर्वती_रोज
+१. आणि डॉक्टरला नुसतं 'चक्कर येते' सांगू नका. खोली फिरते ते वेगळं, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते ते वेगळं (आमच्या सासूबाईंची बीपीची गोळी जास्त झाली होती), चालताना झोकांड्या जातात ते अजून वेगळं. मराठीत तीन शब्द आहेत आणि आपण सगळ्याला चक्कर म्हणून मोकळे होतो.

डहाणूकर_कॉर्नर
अपडेट. काल कर्वे रोडला एका ईएनटीकडे गेलो, उजवीकडे झोपवल्यावर आई ओरडलीच, डॉक्टर म्हणाले डोळे मिटू नका आजी, मग मला पण बोलावून बुबुळं दाखवली, बापरे कसली फिरत होती. उजवा कान. तिथेच एप्ली केली, डोकं एकेका स्थितीत अर्धा-एक मिनिट धरून वळवत नेलं, पुन्हा टेस्ट केली तर जवळजवळ काहीच नाही. आठवड्याने बोलावलंय, परत होऊ शकतं म्हणाले, डी व्हिटॅमिन तपासायला सांगितलंय. एमआरआयची गरज नाही म्हणाले.

आज पहाटे उजव्या कुशीवर वळली, काही झालं नाही. तर मला उठवून विचारते, पट्टा दुकानदार परत घेईल का.