मदत हवी आहे: मातीच्या बांधाच्या पायथ्याशी पाणी येतंय

पाचपाखाडीकर: मुरबाडकडच्या जमिनीत आजोबांनी बांधलेला तळ्याचा मातीचा बांध आहे. पायथ्याशी पाणी येतंय. बाहेरून सिमेंट मारलं तर थांबेल का? मिस्त्री उद्याच मोकळा आहे, लवकर सांगा.

निवृत्त शाखा अभियंता: पाणी नितळ की गढूळ? उंची किती? सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, मोकळा आहे? सिमेंट अजिबात नको. बाहेरून तोंड बुजवलं की पाणी भरावात, म्हणजे बांधाच्या मातीत, तुंबतं आणि दुसरीकडून फोडून निघतं.

शेतकरी कल्याण: आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, थेंब झिरपत नाही. तोच घाला.

कोपरी: तळं भरलेलं असताना कागद कुठे घालणार?

पाचपाखाडीकर: उंची २० फूट असेल. सांडव्यात मासे अडवायला कोणीतरी दगड रचलेत. माथ्यावर करंजं आहेत, तोडू का? खेकड्यांची बिळंही आहेत.

कोपरी: खेकड्यांचं नाव नको, तिवऱ्यालाही खापर खेकड्यांवरच फोडलं होतं. रत्नागिरीतलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. आता २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, सरकारकडे जा.

निवृत्त शाखा अभियंता: तो कायदा १५ मीटरवरच्या आणि १० ते १५ मीटरमधल्या काही धरणांना. हा बांध ६ मीटरचा, जबाबदारी मालकाची. बिळांनी पाण्याला वाट मिळते हे खरंच आहे. झाडं आत्ता तोडू नका, मुळं कुजली की भरावात नळ्या तयार होतात. पाणी काचेच्या ग्लासात धरून दहा मिनिटं ठेवा.

शेतकरी कल्याण: तळ्यात रोहू सोडलेत का?

पाचपाखाडीकर: भावाने ग्लास भरून बघितला. तळाशी पिवळसर गाळ बसला, करंगळीच्या नखाएवढा. खाली पाडा आहे, ११ घरं.

निवृत्त शाखा अभियंता: पाडा आधी का नाही सांगितलात! गाळ बसतोय म्हणजे भराव आतून वाहून चाललाय. माणसं आत्ताच हलवा, १०७७ वर (जिल्ह्याचा आपत्ती कक्ष) आणि तहसीलला कळवा. सांडव्यातले दगड काढा. तळ्यातलं पाणी सोडायची मोरी थोडी थोडी उघडा, पाणी एकदम उतरलं तर आतला उतार घसरतो. पाझरावर वाळू, तिच्यावर खडी, मग मोठे दगड, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल.

पाचपाखाडीकर: १०७७ ला सांगितलं. भाऊ पाड्यातल्या लोकांना शाळेत नेतोय. मोरीचा दांडा गंजलाय, पाना आणि डिझेल घेऊन निघालो.