गाय धारेला उभी राहत नाही, घोडी खंगत चालली आहे: या चावऱ्या माश्यांचं काय करू?

आगरातली (मालगुंड)

नमस्कार. आमच्याकडे दोन गावठी गायी, एक पाडी आणि गेल्या वर्षापासून पुतण्याची घोडी आहे, बिजली. पुतण्या तिला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला नेतो. रात्री ती गायींच्याच गोठ्यात असते, मध्ये फक्त एक बांबू आडवा बांधलेला.

नवरात्रापासून माश्यांनी जीव नकोसा केलाय. घरात ताटावर बसते तशीच दिसते, करडी. पण ही चावते, आणि तीही गुडघ्याखालीच. सकाळी धारेला बसलं की कपिली पाय झाडते. परवा अख्खी चरवी लवंडली. दूध साडेतीन लिटरवरून अडीचवर आलंय. पायांवर रक्ताचे बारीक थेंब सुकलेले दिसतात. संध्याकाळी निरगुडीचा पाला आणि नारळाची सोडणं पेटवून धुरी देते, करंजाचं तेल चोळते. तासभर जनावरं शांत होतात, सकाळी परत तेच.

घोडीला आणखी दोन प्रकारच्या लागल्या आहेत. एक मोठी, भुंग्याएवढी, चमकत्या डोळ्यांची. ती भर उन्हात येते आणि चावली की रक्ताचा ओघळ येतो. दुसरी चपटी, शेपटीखाली बसते, खेकड्यासारखी तिरकी पळते, बोटांत दाबली तरी मरत नाही.

घोडी दाणा खाते, तरी दहा दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या. पोटाखाली मऊ सूज आहे. पुतण्या म्हणतो, माश्या चावून आली असेल. गायींच्या गोचिडांसाठी पाण्यात कालवून लावायचं औषध घरात आहे, बाटलीवर अमिट्राझ लिहिलंय. तेच उद्या घोडीवर फवारायचं म्हणतोय. फवारू दे का? आमच्याकडे सगळ्यांनाच गोमाशी म्हणतात, पण या तिन्ही एकच आहेत का?

जुना दवाखाना (लांजा)

ताई, आधी पुतण्याला थांबवा. अमिट्राझ घोड्याला लावायचं नाही. गायीला चालतं, घोड्याला नाही. घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद पडायची थांबते, पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर जातं. बाटली घोडीच्या जवळपाससुद्धा ठेवू नका. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षं काढली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

दुसरी गोष्ट सुजेची. खाणं चालू आहे, तरी खंगते आहे आणि पोटाखाली पाणी उतरलं आहे, म्हणजे सर्रा आहे की नाही हे बघायलाच हवं. हा रोग रक्तातल्या एका परजीवीमुळे होतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो शोधला. गायीम्हशी पुष्कळदा तो अंगात बाळगून धडधाकट दिसतात. घोड्याला मात्र औषध मिळालं नाही तर बहुतेक वेळा तो वाचत नाही. ताप येतो, उतरतो, परत चढतो. तेव्हा आजच थर्मामीटर आणा आणि सकाळ-संध्याकाळ ताप लिहून ठेवा. रक्त ताप चढलेला असतानाच घ्यायला सांगा. ताप नसताना सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर काही दिसलं नाही तर त्यावर विसंबू नका.

आता माश्या. तिन्ही वेगळ्या आहेत. पायाला चावणारी ती गोठ्यातली माशी. घरमाशीसारखीच दिसते, पण तोंडाची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. नर-मादी दोघंही रक्त पितात. ती जनावरावर काही मिनिटंच बसते, बाकीचा दिवस भिंतीवर, कुडावर काढते. म्हणून तुमचं तेल आणि धूर तिला पुरा पडत नाही. तिची पिल्लावळ कुजक्या पेंढ्यात वाढते, त्यात मूत-शेण मुरलेलं असलं तर फारच. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तुमची पेंढ्याची उडवी कुठे आहे? खालचा थर पावसात भिजलाय का? गोठ्यात पातेरा (सुका पाला) पसरता तो किती दिवसांनी काढता? गायरी (शेणखताचा खड्डा) गोठ्याला लागून आहे का? एवढं बघून सांगा.

मोठी माशी खाचरांच्या आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेच्या ओल्या चिखलात वाढते. तिचं मूळ तुमच्या हातात नाही. पण ती उन्हातली आहे, अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाही. दुपारी घोडी आत ठेवा, फेऱ्या सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर. तिसरी, चपटी, अंगावरच राहते. ती खराऱ्याने आणि हाताने वेचून काढायची.

सर्रा पसरवतात त्या पहिल्या दोन. एका जनावराचं रक्त पिताना हुसकावली की माशी अर्धवट पोटाने शेजारच्या जनावरावर बसते, आणि सोंडेवरचं ओलं रक्त तिथे जातं. म्हणून गायी आणि घोडी एका दावणीला नकोत. जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवा.

किनारा_दापोली

घोडी गडद रंगाची असेल तर पांढऱ्या सुती कापडाची झूल घालून बघा. मोठी माशी पांढऱ्या घोड्यांवर कमी बसते असं हंगेरीतल्या संशोधकांना दिसलं होतं. जपानमध्ये २०१९ साली काळ्या गायींवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा माश्या चावायचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. ओली झूल मात्र घालू नका, कातडी सोलते.

पऱ्याकाठी (राजापूर)

धुरीबद्दल थोडं. आमच्या घरी आजीच्या काळापासून आहे आणि मी ती सोडणार नाही, पण झापाने बंद केलेल्या गोठ्यात धूर कोंडून माझं एक वासरू दोन दिवस खोकत होतं. धुरी दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला द्या.

आणखी एक. २०२२ ला लम्पीची साथ आली, त्यातही चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचाच हात होता. गायींना लस दिली नसेल तर डॉक्टर घरी येतील तेव्हाच विचारून घ्या.

आगरातली (मालगुंड)

काका, तुमचा निरोप वाचला आणि बाटली तेव्हाच माडीवर नेऊन ठेवली. उशीर झाला असता तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी काच बघितली, काही दिसलं नाही. पुतण्याला हायसं वाटलं, तो घोडी परत किनाऱ्यावर न्यायला निघाला होता. मी तुमचं ताप लिहायचं सांगणं धरून बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी १०४ भरला. डॉक्टर रात्रीच आले, आणि त्या रक्तात तो परजीवी वळवळताना दिसला. इंजेक्शन दिलं. नंतर तासभर तिला घाम फुटला, ती थरथरत होती, डॉक्टर तोवर थांबले. आता पाच दिवस ताप नाही. सूज निम्मी उतरली आहे. सध्या ती परसातल्या खोपीत एकटी असते. दुसऱ्या दिवसापासून हातातून गूळ खाते.

उडवीचं तुमचं बरोबर निघालं. वरून पिवळीधमक, आणि खाली वीतभर काळा चिखल. कोयत्याने उकरलं तर बाजूला पांढऱ्या अळ्याच अळ्या. आम्ही दोघींनी, जाऊबाईंनी आणि मी, तो सगळा थर उन्हात पातळ पसरून सुकवला. नवी उडवी दगडांवर फळ्या टाकून उभी केली. पातेरा दहा-दहा दिवस तसाच राहत होता, तो आता रोज निघतो. कपिली अजून पाय झाडते, पण चरवी शाबूत आहे.

किनाऱ्यावर बिजलीच्या शेजारी एक उंट उभा असायचा. पुतण्या काल उंटवाल्याकडे जाऊन सगळं सांगून आला. सोमवारी उंटाचं रक्त घेणार आहेत. दुधातून आम्हाला काही होईल का, अशी भीती सासूबाईंना वाटते, तेवढं सांगा.

जुना दवाखाना (लांजा)

सर्रा माणसाला सहसा होत नाही. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता, पण ते इतकं दुर्मीळ की जगभर त्याची नोंद झाली. दूध नेहमीसारखं उकळून प्या. घोडीला महिनाभर फेऱ्या नकोत, रक्त भरून यायला वेळ लागतो. आणि गायींचंही रक्त एकदा तपासून घ्या, त्या तिच्या शेजारी होत्या.